विंडो काचेसारखी करायचीय? पारदर्शकता, ब्लर आणि रंग नीट कसे लावायचे, पायरी पायरीने

कॉम्प्युटरवरच्या विंडो अर्धपारदर्शक असाव्यात, मागचा वॉलपेपर हलकासा दिसावा, टास्कबार काचेचा वाटावा, असं बऱ्याच जणांना वाटतं आणि मलाही वाटलं होतं. शोधायला गेल्यावर चार ठिकाणी चार सल्ले मिळाले, एक म्हणे फक्त एक बटण ऑन करा, दुसरा म्हणे हे सॉफ्टवेअर टाका, तिसरा तर थेट सिस्टिमच्या फाइल बदलायला सांगत होता. तीन संध्याकाळी घालवल्यावर विंडो काचेची झाली खरी, दिसायलाही मस्त, पण तिच्यात दहा मिनिटं वाचलं की डोळे चुरचुरायला लागायचे. चूक कुठे होती ते बऱ्याच उशिरा कळलं: मी अख्खी विंडो पारदर्शक केली होती, अक्षरांसकट. करायची होती फक्त मागची पाटी, म्हणजे पार्श्वभूमी.

हा एक फरक आधी समजला असता तर त्या तिन्ही संध्याकाळी वाचल्या असत्या, म्हणून सुरुवात तिथूनच करतेय. घाई असली तरी पहिली पायरी गाळू नका, बाकीच्या तुमच्या सिस्टिमप्रमाणे निवडून वाचल्या तरी चालतील.

१. आधी ठरवा: नक्की काय पारदर्शक करायचंय

पारदर्शकता म्हणून जे काही ऐकता त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि सगळा गोंधळ त्या एकत्र केल्याने होतो.

पहिली, अख्खी विंडो फिकी करणं. यात अक्षरं, बटणं, फोटो, सगळं एकाच प्रमाणात फिकं होतं. दुसरी, फक्त पार्श्वभूमी पारदर्शक करणं, म्हणजे मागचं दिसतं पण अक्षरं ठसठशीत राहतात. तिसरी म्हणजे ब्लर, यात मागचं दिसतं पण दुधी काचेतून दिसावं तसं, रंग कळतात, आकार अंदाजे कळतात, पण मागची अक्षरं तुमच्या अक्षरांत घुसत नाहीत.

पहिल्या प्रकाराचं नुकसान आकड्यात बघा म्हणजे पटेल. पांढऱ्यावर काळी अक्षरं असतील तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, २१:१ असतो, यापेक्षा जास्त असूच शकत नाही. आता ही विंडो ७० टक्के ओपॅसिटीवर, म्हणजे घनपणावर आणा आणि तिच्या मागे दुसरी पांढरी विंडो ठेवा. काळ्या अक्षरात ३० टक्के पांढरा मिसळतो, अक्षरं करडी होतात आणि कॉन्ट्रास्ट साधारण साडेआठाला एक एवढा खाली येतो. ५० टक्क्यांवर आणलं तर तो ४:१ च्या आसपास येतो, आणि वेबसाठी वाचनीयतेचे जे नियम आहेत, डब्ल्यूसीएजी म्हणतात त्यांना, त्यात साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५:१ लागतो. म्हणजे अर्धी पारदर्शक केली की तुम्ही किमान रेषेच्याही खाली गेलात, आणि हे मागे कोरी पांढरी विंडो आहे असं धरून. मागे मजकूर असेल तर दोन पानं एकावर एक छापल्यासारखं दिसतं.

म्हणून माझं सरळ मत: वाचायच्या किंवा लिहायच्या विंडोला दुसरा किंवा तिसरा प्रकार लावा, शक्यतो दोन्ही एकत्र. पहिला प्रकार फक्त अशा विंडोला ठेवा जी तुम्ही नुसती डोळ्यासमोर ठेवता, उदाहरणार्थ कोपऱ्यातलं घड्याळ, गाण्याचा प्लेयर, किंवा ज्याच्यावरून बघून तुम्ही खाली काहीतरी काढताय असं रेखाटन.

आणि शब्दांचा सापळा. ओपॅसिटी म्हणजे घनपणा, ट्रान्सपरन्सी म्हणजे पारदर्शकपणा, दोन्ही एकमेकांच्या उलट मोजतात. ओपॅसिटी ९० म्हणजे जवळजवळ घन, ट्रान्सपरन्सी ९० म्हणजे जवळजवळ गायब. काही प्रोग्रॅम टक्केवारी न देता ० ते २५५ असा आकडा मागतात, तिथे २५५ म्हणजे पूर्ण घन, ० म्हणजे पूर्ण अदृश्य, आणि ९० टक्के म्हणजे साधारण २३०. कुठेही आकडा टाकायच्या आधी तिथे यातलं कुठलं नाव लिहिलंय ते एकदा वाचा.

२. तयारी: हे हाताशी असू द्या

- ऑपरेटिंग सिस्टिमची नेमकी आवृत्ती. विंडोजवर सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट. विंडोज १० आणि ११ मध्ये पर्याय वेगळे आहेत त्यामुळे हे माहीत हवंच.
- ग्राफिक्सचा ड्रायव्हर नीट बसलेला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडा, तिथे मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं नाव दिसत असेल तर तुमच्या कार्डाचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही, आधी तो टाका, नाहीतर पुढचं काही धड चालणार नाही.
- अ‍ॅक्टिव्हेट केलेलं विंडोज. नसेल तर पर्सनलायझेशनचे पर्याय करडे दिसतात आणि क्लिकच होत नाहीत.
- रिस्टोअर पॉइंट, म्हणजे काही बिघडलं तर सिस्टिम आधीच्या अवस्थेत परत नेता येईल अशी नोंद. बाहेरचं काहीही टाकणार असाल तर स्टार्टमध्ये क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट शोधा आणि एक करून ठेवा. बऱ्याच कॉम्प्युटरवर हे संरक्षण बंदच असतं, आधी कॉन्फिगरमध्ये जाऊन चालू करावं लागतं.
- सध्याच्या सेटिंगचे स्क्रीनशॉट. दोन मिनिटांचं काम आहे, पण परत यायची वेळ आली की यांच्याइतकं कामाला दुसरं काही येत नाही.
- एक लांबलचक मजकुराचं पान आणि एक गिचमिड वॉलपेपर. दोन्ही तपासायला लागणार आहेत, नवव्या पायरीत सांगते.

३. विंडोजमधले स्वतःचे पर्याय

सेटिंग्ज उघडा, पर्सनलायझेशन, कलर्स, आणि तिथे ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स नावाचं बटण आहे ते ऑन करा. विंडोज ११ मध्ये हेच बटण अ‍ॅक्सेसिबिलिटीतल्या व्हिज्युअल इफेक्ट्समध्येही सापडतं, दोन्हीकडून एकच गोष्ट बदलते.

आता बरेच जण इथे निराश होतात, कारण बटण ऑन केल्यावर स्टार्ट मेन्यू आणि टास्कबारच किंचित बदलतो, बाकी बहुतेक विंडो जशाच्या तशा. तुमचं काही चुकलेलं नाही, हे बटण विंडोजच्या स्वतःच्या भागांवर आणि ज्या अ‍ॅप्सनी असा परिणाम वापरलाय तेवढ्यांवरच चालतं. २००७ मध्ये व्हिस्टा आला तेव्हा एरो ग्लास नावाने प्रत्येक विंडोची चौकट काचेची झाली होती, विंडोज ७ मध्येही ती होती, आणि २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ती काढून टाकली. त्यानंतर तशी चौकट सेटिंग्जमधून परत आणता येत नाही, कितीही शोधा.

आता आहेत ते दोन प्रकार. अ‍ॅक्रिलिक म्हणजे दुधी काच, मागे जे असेल ते ब्लर करून दाखवते, सतत. मायका हा विंडोज ११ मध्ये आला, तो मागच्या विंडो दाखवतच नाही, फक्त तुमच्या वॉलपेपरचा रंग एकदा घेतो आणि विंडोच्या पाटीला त्याची छटा देतो, त्यामुळे मशीनवर ताण कमी पडतो. सेटिंग्जची विंडो उघडा आणि वॉलपेपर निळ्यावरून लालसर करून बघा, पाटीची छटा बदललेली दिसेल, तोच मायका. कुठल्या अ‍ॅपने यातलं काय वापरायचं ते ते अ‍ॅप बनवणारे ठरवतात, तुम्ही नाही.

रंगाचं बघू. त्याच कलर्स पानावर चूज युवर मोड आहे, लाइट, डार्क आणि कस्टम. मी कस्टम घेते, विंडोज डार्क आणि अ‍ॅप्स लाइट, म्हणजे टास्कबार काळसर राहतो पण वाचायची पानं पांढरी. याचा अजून एक फायदा आहे. खाली अ‍ॅक्सेंट कलर, म्हणजे तुम्ही निवडलेला उठावाचा रंग, स्टार्ट आणि टास्कबारवर दाखवायचा पर्याय आहे, तो लाइट मोडमध्ये करडा होऊन बसतो आणि लोकांना वाटतं आपलं विंडोज बिघडलं. मोड डार्क किंवा कस्टममधून विंडोज डार्क केला की तो लगेच चालू होतो. त्याच्या खालचा टायटल बार आणि बॉर्डरवर रंग दाखवायचा पर्याय मात्र जरूर ऑन करा, दहा विंडो उघड्या असताना चालू विंडो कुठली ते रंगावरून पटकन कळतं.

४. विंडोज टर्मिनल, इथे खरी मजा आहे

कमांड लिहायची काळी विंडो वापरत असाल तर पारदर्शकता सगळ्यात छान इथे जमते, कारण इथे फक्त पार्श्वभूमी पारदर्शक होते आणि अक्षरं घन राहतात.

टर्मिनल उघडा, कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबा, सेटिंग्ज येतील. डावीकडे प्रोफाइल्सखाली डिफॉल्ट्स निवडा (एकाच प्रोफाइलला लावायचं असेल तर ते निवडा), मग अपिअरन्स, आणि खाली ट्रान्सपरन्सीत दोन गोष्टी दिसतील, बॅकग्राउंड ओपॅसिटीचा स्लायडर आणि एनेबल अ‍ॅक्रिलिक मटेरियल. अ‍ॅक्रिलिक ऑन, ओपॅसिटी ८० ते ८५, सेव्ह. मला विचाराल तर यापेक्षा खाली जाऊ नका. विंडोज ११ वर अ‍ॅक्रिलिक बंद ठेवून नुसती पारदर्शकताही मिळते, म्हणजे ब्लरशिवाय साधी काच, पण विंडोज १० वर ती सोय नाही, तिथे अ‍ॅक्रिलिक लागतंच.

आणि एक शॉर्टकट, जो कळल्यापासून मी सेटिंग्ज उघडलंच नाही: टर्मिनलवर माउस ठेवून कंट्रोल आणि शिफ्ट दाबून चाक फिरवा, ओपॅसिटी तिथल्या तिथे कमी-जास्त होते. मागच्या पानावरची एखादी सूचना बघत कमांड लिहायची असेल तर दोन क्षण पातळ करायची, झालं की परत घट्ट.

पारदर्शक पार्श्वभूमीवर अक्षरांच्या कडा किंचित वेगळ्या दिसू शकतात. क्लिअरटाइप नावाची जी पद्धत अक्षरं गुळगुळीत करते तिला मागे घन रंग लागतो, तो नसेल तर साध्या करड्या कडांनी काम भागवावं लागतं. फाँट एक घर मोठा केला किंवा वजन थोडं वाढवलं की ठीक होतं.

५. एखादंच दुसरं अ‍ॅप पारदर्शक करायचं असेल तर

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये याची सोय नाही, पण सिस्टिमच्या आत मात्र ती विंडोज २००० पासून आहे, कुठल्याही विंडोला ० ते २५५ असा आकडा देता येतो. विंडो पारदर्शक करणारी बाहेरची बहुतेक छोटी सॉफ्टवेअर हाच आकडा बदलतात, म्हणून त्यांच्याकडून मिळतो तो पहिला प्रकार, अख्खी विंडो फिकी, अक्षरांसकट. हे लक्षात ठेवूनच वापरा.

माझ्या वापरात टिकलेलं म्हणजे ऑटोहॉटकी. यात छोटीशी स्क्रिप्ट लिहून एक शॉर्टकट बांधायचा, की तो दाबला की समोरची विंडो २३० वर जावी आणि परत दाबला की पूर्ववत व्हावी. विन सेट ट्रान्सपरंट नावाची तयार आज्ञा आहे त्यासाठी, त्यांच्या मदतीच्या पानांवर उदाहरणासकट दिलीय. परत पूर्ववत करायचा शॉर्टकट मात्र आधी लिहा. आकडा चुकून ० गेला तर विंडो समोर असून दिसत नाही, आणि मग टास्कबारवर उजवं क्लिक करून बंद करायची एवढंच हातात राहतं, न सेव्ह केलेलं काम त्यात जाऊ शकतं.

दुसरं असं की ही पारदर्शकता त्या उघड्या विंडोपुरतीच असते. अ‍ॅप बंद करून परत उघडलं की नवी विंडो घन येते. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं, रोज हवं असेल तर स्क्रिप्ट स्टार्टअपला लावावी लागते.

विंडोच्या पाटीला मायका किंवा अ‍ॅक्रिलिक जबरदस्तीने लावायचं असेल तर मायका फॉर एव्हरीवन नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. काही जुन्या प्रोग्रॅमवर ते छान बसतं, काहींवर काळे चौकोन दिसतात, तेव्हा तेवढ्या प्रोग्रॅमला नियमातून वगळा.

आता सगळ्यात मोठा सापळा. पूर्ण थीम बदलणारे पॅक मिळतात, त्यातले बरेचसे चालवायला विंडोजची थीम तपासणारी फाइल पॅच करावी लागते, म्हणजे आतून बदलावी लागते. पहिल्यांदा करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये असं मी अगदी मनापासून सांगते. पुढचं मोठं अपडेट आलं की ती फाइल बदलते, आणि लॉगिननंतर नुसता काळा पडदा दिसण्यापर्यंत मजल जाऊ शकते. आणि डाउनलोड नेहमी मायक्रोसॉफ्ट स्टोअर किंवा त्या प्रोजेक्टच्या स्वतःच्या गिटहब पानावरून करा, कारण लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या नावाने बनवलेल्या नकली डाउनलोड साइट शोधात बऱ्याचदा वर दिसतात.

६. टास्कबार

यासाठी ट्रान्सल्युसंट टीबी पुरेसं आहे, स्टोअरवर मिळतं, हलकं आहे, मोफत आहे. टाकल्यावर घड्याळाजवळ त्याचं चिन्ह येतं, त्यावर क्लिक करून प्रसंगानुसार वेगळं रूप ठरवता येतं. माझं सेटिंग असं आहे की नुसता डेस्कटॉप दिसत असेल तेव्हा क्लिअर, म्हणजे टास्कबार जवळजवळ गायब, आणि विंडो मॅक्सिमाइज असेल तेव्हा घन. दुसरं का, तर पांढरी विंडो पूर्ण पसरलेली असताना पारदर्शक टास्कबारवरचं पांढरं घड्याळ वाचताच येत नाही.

७. लिनक्स

इथे सगळं डेस्कटॉप कुठला, म्हणजे विंडो, पॅनेल, मेन्यू दाखवणारा प्रोग्रॅमसंच कुठला, त्यावर आहे, वितरण (उबुंटू, फेडोरा वगैरे) कुठलं यावर फारसं नाही.

केडीई प्लाझ्मा वापरत असाल तर तुम्हाला बाहेरचं जवळपास काहीच लागणार नाही, या विषयात याच्याइतकं हातात देणारा दुसरा डेस्कटॉप मी वापरलेला नाही. सिस्टिम सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप इफेक्ट्स शोधा. तिथे ब्लर आहे, त्याच्या सेटिंगमध्ये ब्लर किती आणि नॉइज (बारीक दाणेदारपणा) किती असे दोन स्लायडर आहेत, नॉइज थोडा ठेवला की ब्लरमध्ये रंगांचे पट्टे दिसत नाहीत. तिथेच ट्रान्सल्युसन्सी आहे, त्यात चालू नसलेल्या विंडो, हलवताना विंडो, मेन्यू, डायलॉग यांना वेगवेगळी ओपॅसिटी देता येते. मी फक्त हलवतानाची ठेवलीय, ८० वर. विंडो ओढताना खाली काय आहे ते दिसतं आणि सोडली की घन, त्यामुळे वाचनाला काही त्रास नाही.

एखाद्याच अ‍ॅपला लावायचं तर त्याच्या टायटल बारवर उजवं क्लिक करा, मोअर अ‍ॅक्शन्समधून त्या अ‍ॅपची खास सेटिंग उघडा, अ‍ॅड प्रॉपर्टी, आणि यादीतून अ‍ॅक्टिव्ह ओपॅसिटी आणि इनअ‍ॅक्टिव्ह ओपॅसिटी निवडा. फोर्स ठेवा आणि आकडा द्या. हा नियम अ‍ॅप बंद करून उघडलं तरी टिकतो, विंडोजवर जे मिळत नाही ते इथे सरळ मिळतं. पण यातून मिळते ती अख्ख्या विंडोची फिकट अवस्था, आणि मागे ब्लर येत नाही, कारण प्लाझ्मातला ब्लर फक्त त्या अ‍ॅपने स्वतः मागितला तरच लागतो. बरेच जण इथे ब्लरचा स्लायडर शेवटपर्यंत नेऊन काहीच होत नाही म्हणून वैतागतात.

टर्मिनल म्हणजे कॉन्सोल असेल तर प्रोफाइल एडिट करा, अपिअरन्स, रंगसंगती एडिट करा, तिथे बॅकग्राउंड ट्रान्सपरन्सी आणि ब्लर बॅकग्राउंड दोन्ही आहे. आणि पहिल्या पायरीत म्हटलेला शब्दांचा सापळा नेमका इथे पकडतो. विंडोच्या नियमात तुम्ही ओपॅसिटी ८५ लिहिलेलं असतं, त्याच हाताने कॉन्सोलमध्येही ८५ टाकता, आणि टर्मिनल जवळजवळ नाहीसं होतं, कारण इथे ती ट्रान्सपरन्सी आहे. इथे १५ टाकायचं.

पॅनेलसाठी एडिट मोडमध्ये जाऊन ओपॅसिटी अ‍ॅडॅप्टिव्ह ठेवा, विंडो मॅक्सिमाइज झाली की पॅनेल आपोआप घन होतं.

एक्सएफसीईमध्ये सेटिंग्जमधून विंडो मॅनेजर ट्वीक्स, त्यातला कंपोझिटर (सगळ्या विंडो एकत्र मिसळून पडद्यावर दाखवणारा भाग) टॅब, आधी वरचं एनेबल डिस्प्ले कंपोझिटिंग ऑन करा आणि मग खाली स्लायडर दिसतात, चौकटीचा, चालू नसलेल्या विंडोचा, हलवतानाचा, वगैरे. ब्लर यात नाही. सिनॅमनच्या सेटिंगमध्ये विंडोज नावाचा भाग आहे (मायक्रोसॉफ्टचं विंडोज नव्हे), तिथे टायटल बारवर माउसचं चाक फिरवल्यावर काय व्हावं ते ठरवता येतं, तिथे अ‍ॅडजस्ट ओपॅसिटी निवडा, मला ही सोय फार आवडते. ग्नोममध्ये मुळात असलं काही दिलेलं नाही, ब्लर माय शेल नावाचं एक्सटेन्शन टाकावं लागतं, आणि ग्नोमची नवी आवृत्ती आली की एक्सटेन्शन काही दिवस बंद पडू शकतात हे धरून चाला.

८. मॅक

मॅकवर काम उलटं आहे. पारदर्शकता आधीपासूनच ऑन असते, २०१४ च्या योसेमिटीपासून, आणि लोक ती कमी कशी करायची ते विचारत येतात. सिस्टिम सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, डिस्प्ले, आणि रिड्यूस ट्रान्सपरन्सी. अपिअरन्समध्ये वॉलपेपरची छटा विंडोत येऊ द्यायची की नाही तेही आहे, ती बंद केली की करडे रंग खरे करडे दिसतात, फोटोवर काम करणाऱ्यांनी तरी ती बंदच ठेवावी. टर्मिनलमध्ये सेटिंग्ज, प्रोफाइल्स, आणि तिथे पार्श्वभूमीच्या कलर अँड इफेक्ट्समध्ये ओपॅसिटी आणि ब्लर असे दोन स्लायडर मिळतात.

९. झालं असं वाटलं की तपासा

रिकाम्या सुंदर वॉलपेपरवर सगळंच छान दिसतं, तिथे तपासून काही कळत नाही. दुसऱ्या पायरीत काढून ठेवलेलं लांब मजकुराचं पान मागे उघडा, त्यावर तुमची पारदर्शक विंडो आणा आणि तिच्यातला एक परिच्छेद सलग वाचा. डोळे मागच्या ओळीवर घसरत असतील तर ब्लर वाढवा किंवा ओपॅसिटी पाच-पाच टक्क्यांनी वर न्या. मग गिचमिड वॉलपेपरवर तेच, मग पूर्ण पांढऱ्यावर आणि पूर्ण काळ्यावर. चारही ठिकाणी न थांबता वाचता आलं तर तो आकडा तुमचा. माझा टर्मिनलचा आकडा असाच ७० वरून चढत चढत ८५ वर येऊन थांबला, आणि तो स्क्रीन बदलल्यावर परत थोडा बदलावा लागला.

हे काम दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा करा. रात्री अंधारात जे मऊ वाटतं ते दिवसा उजेडात पुसट होतं.

लॅपटॉपवर असाल तर चार्जर काढूनही बघा. विंडोजवर बॅटरी सेव्हर (विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत एनर्जी सेव्हर) चालू झाला की अ‍ॅक्रिलिक आपोआप बंद होऊन घन रंग येतो, म्हणजे तेव्हा तुमची रंगसंगती पारदर्शकतेशिवाय कशी दिसते तेही चांगलं असायला हवं.

१०. ऑन केलं पण दिसत नाही, तेव्हा या क्रमाने बघा

बॅटरी सेव्हर चालू आहे का, आधी हे. मग कॉन्ट्रास्ट थीम लागलीय का, अ‍ॅक्सेसिबिलिटीत बघा, ती चालू असताना पारदर्शकता येत नाही आणि येऊही नये. मग ती विंडो चालू आहे का, कारण बऱ्याच अ‍ॅप्समध्ये दुसरीकडे क्लिक केलं की अ‍ॅक्रिलिक घन होतं, ते मुद्दाम तसं बनवलंय. मग ग्राफिक्स ड्रायव्हर. लिनक्सवर एक्स११ (पडद्यावर विंडो दाखवायची जुनी पद्धत) सत्रात असाल तर कंपोझिटिंगच बंद झालंय का ते बघा, केडीईत आल्ट शिफ्ट एफ१२ ने ते बंद-चालू होतं आणि तो शॉर्टकट चुकून दाबला जातो. वेलँड या नव्या पद्धतीवर हा प्रश्नच येत नाही, तिथे कंपोझिटर सतत चालूच असतो.

मशीन मंद वाटायला लागलं तर सगळं उपटून टाकायची गरज नाही. आधी ब्लर बंद करून साधी पारदर्शकता ठेवून बघा, कारण खर्च मुख्यतः ब्लरचा असतो, प्रत्येक ठिपक्यासाठी आजूबाजूचे कितीतरी ठिपके वाचावे लागतात, आणि ४के स्क्रीनवर ते ठिपके साध्या फुल एचडीच्या चौपट असतात.

आणि शेवटचं, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा एका एररबद्दल मदत हवी होती म्हणून मी टर्मिनलचा स्क्रीनशॉट काढून अनोळखी लोकांना पाठवला. तेव्हा टर्मिनल ७० वर होतं, ब्लर नव्हता, आणि मागे माझा मेल उघडा होता. पाठवल्यावर झूम करून बघितलं तर कमांडच्या ओळींमधून मेलचा विषय आणि पाठवणाऱ्याचं नाव सरळ वाचता येत होतं. तेव्हापासून स्क्रीनशॉट काढायच्या किंवा स्क्रीन शेअर करायच्या आधी ओपॅसिटी १०० करते, विंडोज टर्मिनलमध्ये तर कंट्रोल शिफ्ट धरून चाक वर फिरवलं की झालं, आणि जिथे तसा शॉर्टकट नाही तिथे विंडोच्या मागे एक कोरी नोटपॅड पसरून ठेवते.